पंखाला खळ

चिंचोके भाजल्याचा वास आला की मला अजून आटपाडीकडच्या आमच्या घरी गेल्यासारखं वाटतं, आणि पाठोपाठ रडू येतं. सुनेला वाटतं धूर लागला. मी तसंच समजू देते. या वयात प्रत्येक रडण्याचं कारण सांगत बसले तर दिवस पुरायचा नाही.

आमचं घर घोंगडी विणणाऱ्याचं. बाहेरच्या सोप्यात जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून आप्पा बसायचे आणि समोर माग. धोटा डावीकडून उजवीकडं सरकायचा, फणी खट्कन ठोकायची, की पुन्हा धोटा. हा आवाज चालू असताना कुणाच्या ध्यानातही यायचा नाही; थांबला की मात्र आई चुलीपासून ओरडायची, "काय झालं वं?" आप्पा म्हणायचे, "काय न्हाई, पाणी पितूय." भोवतालच्या वाड्यांवरचे मेंढपाळ लोकर आणून टाकायचे. आई आणि मी ती पिंजायचो, कातायचो. दुपारी बाजरीची भाकरी, कांदा आणि हुलग्याचं माडगं. हुलगा संपला की मटकी, मटकी संपली की नुसता ठेचा. दुष्काळाचं साल नुकतंच सरलं होतं. त्या साली मेंढरंही हाडाला लागली होती, त्यामुळं लोकरीची चिमूटसुद्धा आप्पा खाली पडू द्यायचे नाहीत.

लोकरीच्या सुताला अंग येतं ते खळीनं. चिंचोके भाजायचे, कुटून टरफलं काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे, की पिठल्यासारखी चिकट खळ तयार. ती कुंच्यानं सुतावर ओढायची आणि उन्हात वाळवायची. आमच्याकडं ऊन एवढं, की कुंचा पुढं सरकेपर्यंत मागचं वाळलेलं. घराण्याची एक रीत होती. बाजाराला जायचं घोंगडं विणून झालं की तसंच जायचं. पण देवाला वाहायचं असेल, लेकीच्या सासरी द्यायचं असेल, म्हणजे मानाला जायचं असेल, तर निघायच्या दिवशी त्याच्यावर खळीचा आणखी एक हात द्यायचा. त्याला 'मानाचा हात' म्हणत. आपल्या घरचा माल दाराबाहेर मऊ पडून जाऊ नये, ताठ जावा, एवढाच त्यामागचा विचार. आप्पांच्या आजानं दिला, बापानं दिला. तो द्यायचा का, असं कुणी कुणाला विचारत नसे. तिन्हीसांजेला दिवा लावायचा का, असं तरी कोण विचारतं.

माझा भाऊ महादेव, घरच्यांचा म्हादू आणि माझा दादा, सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होता. आमच्या वाडीतून तिथवर पोचलेला तो पहिलाच. खानावळीचं अन्न त्याला मानवेना, म्हणून मी मॅट्रिक झाल्यावर आईनं माझं गाठोडं बांधलं. दादाला भाकरी करून घालायची आणि जमलं तर कॉलेज करायचं, या क्रमानं. तो क्रम मला मुळीच आवडला नव्हता, पण सांगली आवडली. आमची खोली गणपतीच्या देवळामागच्या बोळात, हळदीच्या गोदामाच्या माडीवर. पिठाला, उशीला, पुस्तकांना, सगळ्याला हळदीचा वास. खाली हमालांची ओरड, वर स्टोव्हची फरफर, आणि कोपऱ्यात दादा चाकूनं बांबूच्या काड्या तासत बसलेला. भाकरी वाढली तरी त्याचं लक्ष नसे. मी ताट त्याच्या मांडीवर ठेवायची, मग काड्या बाजूला व्हायच्या. संध्याकाळी तो भडंगाची पुडी घ्यायचा आणि मला कृष्णेच्या घाटावर न्यायचा. मला वाटायचं, भाऊ हौसेनं फिरायला नेतोय. तो घारी बघायला जायचा.

"बग, आता बग," तो म्हणायचा. "खाली येताना पंख कसा वाकीवला. कुटं सांधा दिसतोय का तुला?"

"मला तिच्या पायातला मासा दिसतोय," मी म्हणायची.

त्याचं वेड काय होतं, ते त्यानं मला घरी जाताना तासगावच्या रस्त्यावर, एस.टी.त समजावलं. खिडकीबाहेर हात काढायला लावला. तळवा सपाट धर म्हणाला. धरला, तर वारा वरून-खालून नुसता निघून जात होता. मग म्हणाला, आता पालथी वाटी कर. केली, तर हात आपोआप वर उचलला गेला. कंडक्टर खेकसला, "ए पोरी, हात आत घे, पुढनं उसाची गाडी येतीया." दादा म्हणाला, इमानाचं बी असंच हाय. वेग कमी असतो तेव्हा, म्हणजे उडताना आणि उतरताना, पंखाला बाक हवा. वर गेल्यावर जोरात जायचं तर तोच बाक आडवा येतो, तिथं सपाट पंख बरा. यासाठी खऱ्या विमानाच्या पंखाला मागच्या कडेला बिजागरीवर फळ्या बसवलेल्या असतात, त्या खाली-वर होतात. पण बिजागरी आली की फट आली, आणि फट आली की हवा अडखळली. घारीच्या पंखाला बिजागरी नाही. उडता उडता तिचा अख्खा पंखच आकार बदलतो. दादाला तसा पंख करायचा होता. त्याच्या वर्गातली बाकीची मुलं शेवटच्या वर्षाला पाण्याचे पंप आणि मळणीयंत्रं करत होती.

त्याचे आठल्ये सर आधी वैतागले. "अरे, जगात मोठमोठे लोक याच्यावर डोकं आपटताहेत, आणि तू बांबू घेऊन निघालास?" असं म्हणाले, आणि दुसऱ्या आठवड्यात स्वतःच्या घरचं गजराचं घड्याळ खोलून त्यातलं यंत्र दादाला दिलं. ते यंत्र दादा करत असलेल्या छोट्या विमानाच्या पोटात बसलं. दोन्ही बाजूंचा पंख माझ्या हाताएवढा लांब, आत बांबूच्या बरगड्या, मागच्या बाजूला चिरून लवचीक केलेल्या, आणि त्यांच्यातून ओवलेला दोरा. यंत्रानं दोरा ओढला की पंख सपाट व्हायचा, सोडला की बरगड्या आपल्या जोरानं परत वाकायच्या. विमानात माणूस नसला तरी हवेत असताना ठरल्या वेळी पंख बदलणार, अशी ती योजना. अडलं होतं फक्त पंखावरच्या कापडावरून. कागद फाटायचा. सुती कापडाला सुरकुत्या पडायच्या. रेशमावर रोगण लावलं की ताणून छान बसायचं, पण चार वेळा वाकवलं की रोगणाला भेगा. आमची खोली अशा टाकलेल्या पंखांनी भरली होती, मला पोळपाट ठेवायला जागा उरली नव्हती.

उत्तर घरीच होतं. काखेत कळसा म्हणतात तसं झालं. उन्हाळ्याच्या सुटीत आप्पा एका घोंगड्याची घडी घालत होते. ते जावळाचं होतं, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीचं. ती फार मऊ असते. घडी घातली, सोडली, तर कापड उठून पहिल्यासारखं झालं, वळीसुद्धा राहिली नाही. आप्पा पुन्हा मागावर बसले तरी दादा ते बघत राहिला.

"आप्पा, जावळाचं कापड किती पातळ निगंल?"

"कुणाला पांघरायचंय?"

"इमानाला."

आप्पांचा धोटा थांबला. आतून आईनं विचारलं, "काय झालं वं?"

"काय न्हाई," आप्पा म्हणाले. "म्हादूच्या इमानाला थंडी वाजतीया."

थट्टा केली खरी, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मागावर जावळ चढवलं. इतकं बारीक सूत आई आणि मी त्याआधी कधी कातलं नव्हतं. कापड उतरलं ते असं विरळ, की आईनं विचारलं, ह्यातनं पीठ चाळायचंय का. त्याची भोकं बुजली पाहिजेत म्हणजे हवा आरपार जाणार नाही, पण वजन वाढता कामा नये आणि लवचीकपणा तर मुळीच जाता कामा नये. दादानं किती तुकड्यांवर खळ लावून पाहिली ते तोच जाणे. शेवटी ठरलं: पातळ खळीचा एकच हात. "आप्पा, एकच. दुसरा न्हाई," तो म्हणाला. आप्पा म्हणाले, "अरं, इनतोय कोण, तू का मी?" पण दिला त्यांनी एकच.

वाडीमागच्या माळावर आम्ही ते उडवलं. पतंगासारखी दोरी लावून वाऱ्याच्या तोंडावर मी पळायची, कारण दादाला पळताना विमानाकडं बघता यायचं नाही. विमान चढलं, दोरी सुटली. यंत्रानं दोरा ओढला, पंख सपाट झाला, आणि ते कसं सुसाट गेलं. मग, आम्ही श्वास धरून बघत असताना, पंखाला हळूहळू बाक आला, वेग मंदावला आणि विमान कुसळात अलगद बसलं. आप्पांनी जाऊन ते उचललं आणि धोतराच्या सोग्यानं माती पुसली. "माज्या कापडानं केलं ह्ये?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, "तुमच्याच." आप्पा जेवताना मधेच उठून पंखाला हात लावून आले. त्या दिवसाइतकं सुख आमच्या घरात पुन्हा आलं नाही, हे मी आताच सांगून टाकते.

पुढं गोष्ट वाढली. आठल्ये सरांचे जुने मित्र बंगळूरला विमानांच्या कारखान्यात होते, नव्या विमानांचे आराखडे करणाऱ्या खात्यात, मोठ्या हुद्द्यावर. दसरा झाल्यावर ते महाबळेश्वरला जाणार होते. वाटेत साताऱ्याला थांबून यवतेश्वरच्या पठारावर त्यांनी दादाचा पंख बघायचा, असं सरांनी ठरवून टाकलं. "त्यांना पटलं तर ते तुला आपल्या खात्यात घेतील," सर दादाला म्हणाले. "हे काम करायला मिळेल अशी जागा आपल्याकडे दुसरी नाही, महादेव. इथं राहिलास तर फार तर साखर कारखान्याचे पट्टे दुरुस्त करशील." दादाला बंगळूरच हवं होतं. दिवसरात्र त्याला तेवढंच दिसत होतं. त्या काळात तो माझ्याशीही नीट बोलायचा, यावरून काय ते समजा.

दसऱ्याला आम्ही विमान घेऊन घरी आलो होतो. निघायच्या सकाळी दादा फाट्यावर गेला होता, विमान गाडीच्या टपावर टाकू नका म्हणून ड्रायव्हरला आधीच गाठायला. मी आडावर होते. आम्ही परत आलो तेव्हा आप्पांनी विमान सोप्यातल्या उन्हात ठेवलं होतं आणि वर नवं घोंगडं गुंडाळून बांधूनही टाकलं होतं. आईनं दहीभात दिला. आप्पा फाट्यापर्यंत आले. एरवी ते कुणाला पोचवायला म्हणून जात नसत. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "म्हादू, ताठ जा."

मागच्या बाकावर दोघांच्या मांडीवर ते गाठोडं घेऊन आम्ही दहिवडी, कोरेगाव करत साताऱ्याला पोचलो. कोरेगाव सुटल्यावर उसाचे फड लागले आणि खिडकीतून गार, ओलसर वारं यायला लागलं. मला केवढं बरं वाटलं. साताऱ्यात आमची मावशी राहायची, तिच्याकडं उतरलो. दादानं पंख वाकवून पाहिला आणि म्हणाला, "जरा ताठ लागतोय." मी म्हणाले, "परवासानं अंग धरलं आसंल." जसं काही विमानाचं अंग मला कळत होतं. मावशीनं वाटाण्याची आमटी केली होती, ती मी चाटून पुसून खाल्ली.

सकाळी पठारावर गेलो तर पुढचं माणूस दिसेना. आमच्याकडं ढग असलाच तर वर असतो आणि तो दुसऱ्याच्या गावाला जातो. इथं आम्ही ढगातच उभे होतो. पाऊस नव्हता, पण भुवयांवर पाणी, वेणीवर पाणी, दादाच्या चष्म्यावर पाणी. धुक्यात घोंगडं भिजत नाही असंच आम्ही धरून चाललो होतो, कारण आमच्या मुलखात भिजणं म्हणजे पाऊस, आणि पाऊस नाही म्हणजे कोरडं. मधली काही अवस्था असते हे आम्हाला कुठं ठाऊक. बंगळूरचे साहेब मफलर गुंडाळून आले. बोलायला साधे, गोड होते. धुकं थोडं विरळ होईपर्यंत त्यांनी दादाला पंखाबद्दल बारीकसारीक विचारलं आणि दादा भरभरून सांगत होता. सरांनी माझ्याकडं बघून हळूच मान डोलावली. मला वाटलं, जमलं.

मग मी पळाले. दगडांवरून, ओल्या गवतातून, जीव खाऊन. विमान चढलं, दोरी सुटली. पंख सपाट झाला, आणि साहेब "वा" म्हणाले, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मग वाकायची वेळ आली. उजवा पंख वाकला. डावा वाकला नाही. कापड बरगड्यांना चिकटून तसंच राहिलं. विमान एका कुशीवर वळलं, गरकन फिरलं आणि खडकावर आपटलं.

दादा आधी पोचला, पाठोपाठ मी. साहेब आणि सर अजून मागं होते. त्यानं डाव्या पंखाला हात लावला तर बोटं चिकटली. नखानं खरवडलं. वरचा जाड, बुळबुळीत थर निघाला आणि त्याच्या खाली त्याचा स्वतःचा, पातळ थर दिसला. आम्ही एकमेकांकडं बघितलं. दोघांनाही एकदमच कळलं. आप्पांनी पंखाला मानाचा हात दिला होता.

"आप्पाला सांगू नगंस," दादा म्हणाला. "कवाच न्हाई."

साहेबांनी कापड बोटांत धरून पाहिलं. "ओल्या हवेत याचं काय होतं ते तपासलं होतंत?" त्यांनी विचारलं. दादाला सांगता आलं असतं, की यावर एक हात जास्तीचा पडला आहे, तो माझा नाही. तो म्हणाला, "नाही सर. चूक माझी." आणि ते काही अगदी खोटं नव्हतं. एकच हात असता तर त्या धुक्यात टिकला असता का, हे मला आजही माहीत नाही, आणि दादालाही कधी कळलं नाही. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुमची कल्पना खरी आहे. हे लोकरीचं कापड काढून टाका, दुसरं काहीतरी शोधा, आणि मला बंगळूरला येऊन दाखवा. मी वाट बघेन." एवढं बोलून ते महाबळेश्वरला गेले. म्हणजे दार बंद झालं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं नातेवाइकांत बोललं गेलं की म्हादूला साहेबानं नापास केलं. तसं झालेलं नाही.

मावशीकडं आल्यावर दादानं पंखावरचं कापड ओरबाडून काढलं आणि तिला म्हणाला, बंबात घाल. नुसता सांगाडा घेऊन आम्ही घरी निघालो. आप्पा फाट्यावर उभे होते.

"काय झालं रं?"

"वारं फिरलं, आप्पा. खाली आलं."

आप्पांनी सांगाडा बघितला. "आन कापड?"

दादानं सांगाडा खाली ठेवला. मग म्हणाला, "कापड साहेबानं ठिवून घेतलं. लय आवडलं त्येला. म्हणला, आसलं कापड बंगळूरात बी न्हाई."

आप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी दुसरीकडं तोंड फिरवलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला कळलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी मागावर पुन्हा जावळ चढवलं. साहेबाला आवडलंय म्हटल्यावर दुसरं आणखी बारीक काढतो, म्हणाले. दादा सोप्यात उभा राहून बघत होता. आता हे कापड चालणार नाही, असं कोणत्या तोंडानं सांगणार. आणि ते कापड घेऊन बंगळूरला जाणार तरी कसा. सांगलीला परत आल्यावर त्यानं काड्या, दोरे, घड्याळाचं यंत्र, सगळं आठल्ये सरांना नेऊन दिलं. सरांनी कारण विचारलं, तर म्हणाला, इच्छा राहिली नाही. सर दोनदा आमच्या खोलीवर आले, मी चहा केला, दादा खाली मान घालून बसला. साखर कारखान्यात जागा निघाली तिथं त्यानं अर्ज केला.

माघात मावशीच्या थोरल्या लेकीचा साखरपुडा होता. आईचा गुडघा धरला होता म्हणून आप्पांबरोबर मी गेले. स्वयंपाकघरात मावशीनं आप्पांना पाटावर बसवलं आणि चुलीवरचं आमटीचं पातेलं फडक्यानं धरून उतरवलं. आप्पा त्या फडक्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आक्का, ते जरा बगू." मावशी म्हणाली, "आवं, म्हादूनं जाळायला सांगितलं व्हतं. चांगलं लोकरीचं कापड, जाळायचं व्हय? हाताला चटका बसत न्हाई." आप्पांनी ते हातात घेतलं, उजेडाला धरलं. खळ गोळा होऊन वळ्या पडल्या होत्या, कडेला बुरशी धरली होती. अंगठ्यानं त्यांनी वरचा थर चोळला, खालचा चोळला. विणकराला आणखी काय सांगावं लागतं. त्यांनी ते मावशीला परत दिलं आणि जेवले. व्यवस्थित जेवले, मागून भात घेतला.

परतीच्या गाडीत आप्पांनी कोरेगाव मागं पडू दिलं. मग म्हणाले, "तुला ठावं व्हतं?"

मी मान डोलावली.

"माज्यापायी गेलं त्येचं."

"न्हाई वं आप्पा. धुकं व्हतं. धुक्यानं—"

"पोरगं माज्यासाठी खोटं बोललंय," ते म्हणाले. "ते खरंच ऱ्हाऊ दे. त्येला सांगू नगंस, मला कळलंय म्हणून." मग त्यांनी खिडकीकडं तोंड केलं. एरवी मी त्यांना रडताना कधी पाहिलेलं नाही, पण तेव्हा ते रडत होते.

घरी आल्यावर त्यांनी मागावरचं अर्धं विणलेलं जावळ कापून उतरवलं. आईनं विचारलं, काय झालं वं. ते म्हणाले, गुडघं दुकत्यात, खड्ड्यात बसवत न्हाई. त्यानंतर त्यांनी घोंगडं विणलं नाही. शिमग्याला दादा आला तर माग रिकामा. त्यानं मागाकडं पाहिलं, आप्पांकडं पाहिलं. मला म्हणाला, "मी सोडलं म्हणून आप्पा खट्टू झालं. माज्यावरचा त्येंचा इस्वास उडाला." आणि आप्पा मला म्हणायचे, "माज्या खळीनं त्येचं मन उठलं. बंगळूरचं नाव बी काढत न्हाई." दोघांनीही मला बोलायची बंदी घातलेली. मी बोलले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न मला इतरांनी विचारला आहे. मी स्वतःला तो विचारत नाही. दोघांना दिलेला शब्द होता, आणि शब्द मोडून कुणाचं भलं होईल हे कळायला मी तेव्हा सतराची पोर होते.

सगळ्यात वाईट काय असेल तर ते आप्पांचं सांगणं. पाहुणा आला की ते साहेबाची गोष्ट सांगायचे. म्हादूच्या इमानाचं कापड माझं, ते साहेबानं बंगळूरला ठेवून घेतलं, आसलं कापड तिथं बी न्हाई. सगळं ठाऊक असूनही सांगायचे, आणि दादा घरी असेल तेव्हा तर हमखास, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. दादा खाली बघत ऐकायचा. कधी कधी भरही घालायचा, "व्हय, साहेबानं दोनदा हात फिरीवला कापडावर." दोघंही खोटं बोलत होते आणि दोघंही एकमेकांसाठी. मला तिथून उठून जावंसं वाटायचं, पण पाहुण्याला चहा द्यायचा असायचा.

बरीच वर्षं हे असं चाललं. दादा कारखान्यात मोठा झाला, सांगलीत घर बांधलं, मुलं शिकवली. घाटावर तो पुन्हा गेला नाही. आकाशात विमान ऐकू आलं की आमची पोरं अंगणात धावायची. तो बसल्या जागेवरून हलायचा नाही. आता परदेशात खरोखरीच असे पंख करून पाहताहेत म्हणतात, बिजागरीशिवाय वाकणारे. नातवानं मला मोबाइलवर चित्र दाखवलं. मी चष्मा लावून पाहिलं आणि त्याला म्हणाले, बंद कर. दादा तेव्हा नुकताच गेला होता.

आप्पा त्याच्या आधी पुष्कळ वर्षं गेले, थंडीत, फार न झिजता. तेराव्याचं जेवण उरकलं, माणसं पांगली. सोप्यात दादा एकटा जेवायला बसला होता, मी वाढत होते. तोवर त्याचेही केस पांढरे झाले होते. घास हातात धरून तो म्हणाला, "सुशे, तुला एक इच्यारू?"

"इच्यार की."

"आप्पाला त्या खळीचं कवा कळलं न्हवतं न्हवं?"

"न्हाई," मी म्हणाले.

"मग बरं," दादा म्हणाला. त्यानं घास तोंडात घातला, सावकाश चावला. "तेवढ्यासाठीच तर समदं सोडलं."